एसजीपीटी ४८० आणि तरी गोळी चालू

माझ्या लेकीला एएलएल आहे, अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, लहान मुलांना होणाऱ्या कॅन्सरमधला सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. आता मेंटेनन्स (शेवटचा, मुख्यतः घरी गोळ्या घ्यायचा टप्पा) चालू आहे, शाळेतही जाते, भांडतेही. या सगळ्या ट्रीटमेंटमध्ये तिच्या लिव्हरने आम्हाला दोनदा दणका दिला आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी एकदम उलटे निर्णय घेतले. पहिल्या वेळी सगळी केमो थांबवली, दुसऱ्या वेळी एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) त्याच्या जवळपास दुप्पट असूनही म्हणाले गोळी चालू ठेवा. हे असं का ते मला कळेपर्यंत डोक्याचा पार भुगा झाला होता, म्हणून लिहायला बसले. मी डॉक्टर नाही. तिच्या फाइलमध्ये जे आहे आणि आम्हाला जे समजावलं गेलं तेवढंच लिहितेय, प्रत्येक मुलाचा प्रोटोकॉल वेगळा असतो.

इंडक्शन, कन्सॉलिडेशन वगैरे सुरुवातीचे टप्पे, त्या मानाने सरळ गेलं, ते सोडूनच देते. गडबड झाली डीलेड इंटेन्सिफिकेशनमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रिमिशन आल्यावर (म्हणजे तपासणीत कॅन्सर दिसेनासा झाल्यावर) काही महिन्यांनी सुरुवातीचा मारा परत एकदा जोरात करतात तो हा टप्पा, म्हणजे डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टेरॉइड), व्हिन्क्रिस्टीन, डॉक्सोरुबिसिन, पेग-अ‍ॅस्परजिनेज हे सगळं एकत्र येतं. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, तळाला जातात. तसे तिचेही गेले आणि ताप आला, अँटिबायोटिक चालू करूनही उतरेना, मग छातीचा सीटी केला तर फुप्फुसात गाठी, फंगस. काउंट नसलेल्या मुलाला फंगल न्यूमोनिया म्हणजे जिवावरचा खेळ, त्यात वाट बघायला वेळच नसतो. आधी अँफोटेरिसिन दिलं, त्याने पोटॅशियम भराभर खाली यायला लागलं आणि क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वर, मग व्होरिकोनाझोल या फंगसच्या दुसऱ्या औषधावर आणलं, पहिलं सलाइनमधून आणि नंतर गोळी.

व्होरिकोनाझोल तिला लागू पडलं हे आधी सांगते कारण पुढचं वाचून कोणी त्या औषधावर राग धरेल. ताप गेला, पुढच्या सीटीत गाठी लहान झाल्या. मजा म्हणजे गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने तिला भिंती चमकताना दिसायच्या. "आई, भिंत हलतेय बघ, मस्त निळी दिसतेय" असं म्हणून हसायची आणि मी घाबरून नर्सला बोलवायची. ते या औषधाचं ठरलेलं लक्षण आहे म्हणे, थोड्या वेळाने जातं.

आता खरी गोची. या औषधाची रक्तातली लेव्हल मोजावी लागते, साधारण १ ते ५.५ च्या मध्ये हवी, कमी असली तर फंगस मरत नाही आणि जास्त असली तर लिव्हर आणि डोकं दोन्हीला त्रास. तिची पहिली लेव्हल कमी आली. मुलांचं शरीर हे औषध मोठ्यांपेक्षा लवकर संपवतं आणि त्यात तिचं डेक्सा चालू होतं, स्टेरॉइडमुळे लिव्हरमधली औषध मोडणारी एन्झाइम जास्त जोरात काम करतात. म्हणून डोस वाढवला, बरोबरच होतं ते. मग डेक्साचा कोर्स संपला. एन्झाइमचा वेग परत खाली आला, व्होरिकोनाझोलचा डोस मात्र वाढवलेलाच, त्यामुळे लेव्हल चढत गेली. पुढच्या वेळी मोजली तेव्हा ७ च्या वर होती.

आणि याच्या मधेच व्हिन्क्रिस्टीनची तारीख. इथे जरा थांबून सांगते कारण ही जोडी प्रत्येक ल्युकेमियावाल्या पालकाला माहीत असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. व्हिन्क्रिस्टीन शरीरातून बाहेर काढायचं काम लिव्हरचं, त्यासाठी जे एन्झाइम लागतं त्याचं नाव सीवायपी३ए४ (लिहिताना किचकट वाटतं पण डॉक्टर सारखं बोलतात, "थ्री ए फोर" म्हणतात). व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल, इट्राकोनाझोल ही फंगसची औषधं नेमकं तेच एन्झाइम अडवतात. म्हणजे व्हिन्क्रिस्टीन तेवढंच दिलं तरी शरीरात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहतं आणि नसांवर बसतं. डॉक्टरांना हे माहीत होतंच, त्यांनी एक डोस पुढे ढकलला, दुसऱ्याच्या वेळी व्होरिकोनाझोल आधी आणि नंतर थांबवून व्हिन्क्रिस्टीन दिलं, कारण तेही किती वेळा चुकवणार, शेवटी ल्युकेमियाचं मुख्य औषध आहे ते. पण लेव्हल एवढी वर गेली होती की एक-दोन दिवस बंद ठेवून ती उतरणारी नव्हतीच.

दोन दिवसांनी ती जेवेना. आम्हाला वाटलं तोंडात छाले आले असतील, टॉर्च घेऊन बघितलं तर तोंड साफ. "दात दुखतोय का?" तर नाही म्हणाली, कानाच्या खाली बोट ठेवून दाखवलं, चावताना इथे दुखतं. मग शी होईना, पोट फुगलं, रात्री पाय दुखतात म्हणून रडायची, बाथरूमला जाताना पाऊल फरफटत टाकायला लागली. जबडा, पोट आणि पाय, व्हिन्क्रिस्टीन जास्त झाल्याची अगदी पुस्तकातली लक्षणं. सोडियम पण घसरलं होतं, ते तिथल्या तिथे पकडलं म्हणून बरं, नाहीतर त्याने फिट येऊ शकते.

लिव्हरचं कोणाच्या डोक्यात तोपर्यंत आलं नव्हतं. कावीळ पहिली मला दिसली आणि तीही वॉर्डातल्या ट्यूबलाइटखाली नाही. ट्यूबलाइटमध्ये सगळीच मुलं पिवळट दिसतात. सकाळी तिला खिडकीपाशी बसवून केस (जे काय उगवले होते ते) पुसत होते तर डोळ्याचा पांढरा भाग पिवळा वाटला, खालची पापणी ओढून बघितली तर तिथेही, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून सोडलं तर कातडी गुलाबी व्हायच्या आधी क्षणभर हळदीसारखी पिवळी. लघवीचा रंग आदल्या दिवसापासून गडद होता पण पाणी कमी पितेय म्हणून असेल असं सगळेच म्हणत होते. रिपोर्ट आला तेव्हा एसजीपीटी २६०, टोटल बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ६.१ आणि त्यातलं डायरेक्ट ४.८. नॉर्मल एसजीपीटी साधारण ४० पर्यंत आणि टोटल बिलिरुबिन १ च्या आसपास, म्हणजे अंदाज करा.

त्या दिवशी राउंडला आलेल्या मॅडमनी फाइल बघितली आणि केमोची सगळी पानं एका रेघेने कापली. होल्ड. व्होरिकोनाझोल बंद, त्याच्या जागी एकायनोकॅन्डिन गटातलं सलाइनमधून द्यायचं फंगसचं औषध, ते थ्री ए फोरच्या वाटेला जात नाही. पॅरासिटामॉल बंद. कोट्रायमॉक्साझोल (इन्फेक्शन होऊ नये म्हणून चालू असलेलं अँटिबायोटिक) तात्पुरतं बंद. मग तपासण्यांची रांग. हिपॅटायटिस बी आणि सी, कारण एवढं रक्त आणि प्लेटलेट चढवलेत. बाकीचे व्हायरस. पोटाची सोनोग्राफी आणि सोबत डॉपलर, कारण ल्युकेमियाच्या काही औषधांनी लिव्हरच्या आतल्या बारीक शिरा बंद पडू शकतात. पित्ताशयात खडा आहे का. लायपेज, ट्रायग्लिसराइड, अमोनिया, आयएनआर. बायोप्सीचा विषय निघाला पण प्लेटलेट एवढ्या कमी असताना लिव्हरमध्ये सुई घालायला कोणीच तयार नव्हतं.

सगळ्यात वैताग आणला आयएनआरने. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा हा आकडा, तो वाढला तर लिव्हर फेल होतंय का ही भीती. पण पेग-अ‍ॅस्परजिनेज घेतलेल्या मुलांमध्ये तो तसाही बिघडतो, कारण ते औषध रक्तातलं अ‍ॅस्पराजिन संपवतं आणि मग लिव्हरला प्रोटीन बनवायला कच्चा मालच मिळत नाही, अल्ब्युमिन कमी, फायब्रिनोजेन कमी. म्हणजे तिचा आयएनआर लिव्हर थकल्यामुळे वर होता की औषधामुळे, हे त्या एका आकड्यावरून कळायला मार्गच नव्हता. अमोनिया (लिव्हर काम करेनासं झालं की रक्तात वाढतो) नॉर्मल होता, ती नीट बोलत होती, माझ्याशी मोबाइलवरून हुज्जत घालत होती, यावर डॉक्टरांचा जास्त भरवसा. ती चिडचिडी आहे म्हटल्यावर लिव्हरच्या डॉक्टरांनी विचारलं, नेहमीसारखी चिडचिडी की वेगळी? वेगळी म्हणजे झोपाळू, गोंधळलेली. नेहमीसारखीच म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

आणि पेग-अ‍ॅस्परजिनेज एकदा दिलं की परत काढून घेता येत नाही, दोन-तीन आठवडे अंगात काम करत राहतं. व्होरिकोनाझोल बंद झालं तरी हे आहेच. म्हणून बंद केल्या केल्या बिलिरुबिन उतरलं नाही, उलट अजून वर गेलं, आणि घरचे सगळे (सासूबाई, माझा भाऊ, फोनवरचे दहाजण) विचारायला लागले की मग औषध बदलून फायदा काय झाला. त्यांना उत्तर द्यायची ताकद नव्हती माझ्यात, नवरा द्यायचा.

"नक्की कोणत्या औषधाने झालं?" हे मी प्रत्येक डॉक्टरला विचारलं असेल. एकाचं नाव कोणीच घेईना, मला वाटायचं टाळतायत. मग वॉर्डच्या क्लिनिकल फार्मासिस्ट मॅडम आल्या, अशी पोस्ट असते हेच मला माहीत नव्हतं, त्यांनी माझ्या शेजारी स्टुलावर बसून तिच्या सगळ्या औषधांचा तक्ता काढला. उभ्या ओळीत औषधं. आडव्या ओळीत चार प्रश्न: हे स्वतः लिव्हरला लागतं का, याला बाहेर काढायला लिव्हर लागतं का, हे दुसऱ्या कोणाला अडवतं का, हे दुसऱ्या कोणाचा वेग वाढवतं का. भरत गेल्या तसं चित्र समोर आलं. व्होरिकोनाझोल: लागतं, लिव्हर लागतं, अडवतं. अ‍ॅस्परजिनेज: लागतं. व्हिन्क्रिस्टीन: बाहेर काढायला लिव्हर लागतं, पित्तावाटे जातं. डॉक्सोरुबिसिन तसंच. डेक्सा: वेग वाढवतं, आणि बंद केल्यावर तो वेग जातो, हे त्यांनी दोनदा अधोरेखित केलं. म्हणजे व्होरिकोनाझोल आणि अ‍ॅस्परजिनेजने मिळून लिव्हरवर ताण आणला, ताणलेल्या लिव्हरने व्होरिकोनाझोल अजून हळू बाहेर काढलं, त्याने थ्री ए फोर अजून अडलं, वर पित्ताचा रस्ता तुंबलेला, त्यामुळे व्हिन्क्रिस्टीन दोन्हीकडून अडकलं. एकट्याने कोणी एवढं केलं नसतं. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही एक नाव मागताय पण इथे जोड्या आहेत." मला ते ऐकून पहिल्यांदा जरा शांत वाटलं, का ते सांगता येणार नाही, बहुतेक कारण कळलं म्हणून.

तो थांबलेला काळ फार वाईट गेला आणि त्याचं कारण कावीळ नव्हती. केमो बंद आहे ही भीती. वर्षभर आपण केमोला शिव्या घालतो आणि ती थांबली की रात्री झोप लागत नाही, मनात एकच, आत एखादा ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाची पेशी, राहिला असेल तर त्याला मोकळं रान मिळालं. राउंडच्या डॉक्टर मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की गॅप त्यांनाही नकोच आहे पण बिलिरुबिन एवढं असताना व्हिन्क्रिस्टीन किंवा डॉक्सोरुबिसिन दिलं तर तो डोस राहत नाही, विष होतं.

हळूहळू उतरलं. आधी डायरेक्ट बिलिरुबिन, मग एसजीपीटी, आयएनआर त्यानंतर. खाज मात्र कितीतरी दिवस, रात्रभर तळपाय खाजवत बसायची, पित्त वाहतं राहावं म्हणून उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड चालू होतं. मग औषधं परत सुरू केली, एक औषध, रक्त तपासणी, मग पुढचं, आणि सुरुवातीला कमी डोसने. पायाला फिजिओ. जबडा आपोआप बरा झाला.

आता दुसरा दणका. मेंटेनन्स म्हणजे घरचं काम, रोज सिक्स एमपी म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, शनिवार-रविवार कोट्रायमॉक्साझोल, मधूनमधून व्हिन्क्रिस्टीन आणि स्टेरॉइड. आम्ही सुटलो असं वाटत असतानाच एका रिपोर्टमध्ये एसजीपीटी ४८०. माझे हातपाय गार. बॅग भरायलाच घेतली होती. फोन केला तर डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या. बिलिरुबिन किती? ०.७. नवीन औषध काही दिलंय? नाही. खोकल्यासाठी बाहेरून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह किंवा ताकद यायला म्हणून झाडपाल्याचं काही? नाही. "मग चालू ठेवा, पुढच्या आठवड्यात परत बघू."

मी फोन ठेवून रडले, रागाने. २६० ला सगळं बंद करता आणि ४८० ला चालू ठेवा?

नंतर ओपीडीत त्यांनी नीट सांगितलं. एसजीपीटी लिव्हरच्या पेशींना धक्का बसला की वाढतं, त्यावरून लिव्हर काम करतंय की नाही हे कळत नाही. काम कळतं बिलिरुबिन, आयएनआर, अल्ब्युमिनवरून. मेंटेनन्समध्ये एसजीपीटी वाढणं फार कॉमन आहे आणि बिलिरुबिन नॉर्मल असेल तर काही प्रोटोकॉलमध्ये ते नॉर्मलच्या २० पट होईपर्यंत गोळ्या थांबवत नाहीत, कारण प्रत्येक वाढीला थांबवत बसलं तर मुलाच्या अंगात सिक्स एमपी राहणारच नाही आणि ते नीट गेलं नाही तर रिलॅप्सचा, म्हणजे कॅन्सर परत येण्याचा, धोका वाढतो. एसजीपीटी आणि बिलिरुबिन दोन्ही एकत्र वाढतात तेव्हा मात्र ते धावपळ करतात. पहिल्या वेळी तेच होतं.

पण तिच्या बाबतीत नुसतं थांबून बघून चाललं नाही. एसजीपीटी वर राहिलं आणि एक दिवस सकाळी उठवायला गेले तर अंग घामाने ओलं, डोळे उघडेना, काहीतरी बडबड. शुगर ४६. साखरपाणी दिल्यावर पाच मिनिटांत ठीक झाली. मला वाटलं हा तिसराच काहीतरी आजार. पण निघालं सगळं एकाच गोळीचं. सिक्स एमपी शरीरात दोन वाटांनी जातं, एका वाटेने थायोग्वानिन न्यूक्लिओटाइड बनतात, ते ल्युकेमियावर काम करतात, दुसऱ्या वाटेने टीपीएमटी नावाच्या एन्झाइममुळे मिथाइल लागलेले पदार्थ बनतात आणि ते लिव्हरला लागतात, काही मुलांमध्ये उपाशीपोटी शुगरही पाडतात. कोणाकडे पहिली वाट मोठी, कोणाकडे दुसरी. हिची दुसरी. काउंट पाहिजे तेवढे खाली येत नव्हते म्हणून डोस वाढवत होते, आणि वाढवलेलं सगळं नको त्या वाटेने चाललं होतं. मेटाबोलाइटची, म्हणजे औषधापासून शरीरात बनलेल्या या पदार्थांची, टेस्ट केल्यावर ते स्पष्ट दिसलं.

आधी रात्रीचा डोस सकाळ-संध्याकाळ विभागून दिला, थोडा फरक पडला पण पुरेसा नाही. मग अ‍ॅलोप्युरिनॉल जोडायचं ठरलं. नाव ऐकून मी दचकले कारण ही गोळी ओळखीची होती, आजार कळल्याच्या आठवड्यात युरिक अ‍ॅसिडसाठी दिली होती आणि नंतर फाइलवर लाल अक्षरात लिहिलं होतं की सिक्स एमपीसोबत देऊ नये. ते बरोबरच आहे. अ‍ॅलोप्युरिनॉल सिक्स एमपीचा निकाल लावणारं एन्झाइम अडवतं, पूर्ण डोससोबत चुकून दिलं तर बोनमॅरो बसतो, म्हणजे रक्ताच्या पेशी बनायच्या थांबतात. पण ठरवून, सिक्स एमपी मूळ डोसच्या पाव ते एक तृतीयांशावर आणून आणि सारखे काउंट बघत दिलं तर औषध पहिल्या वाटेला वळतं. म्हणजे पहिल्या वेळी ज्या प्रकाराने तिला झोपवलं, एका औषधाने दुसऱ्याला अडवणं, तेच आता मुद्दाम करायचं. नंतर वाचलं की अ‍ॅलोप्युरिनॉल मुळात याचसाठी शोधलं होतं, सिक्स एमपी लवकर संपू नये म्हणून, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी, ज्यांनी सिक्स एमपीही बनवलं आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवलं. संधिवाताच्या म्हणजे गाउटच्या पेशंटना ते नंतर कामी आलं.

सुरुवातीला दर आठवड्याला काउंट. एसजीपीटी पुढच्या काही रिपोर्टमध्ये शंभरच्या खाली आलं, सकाळची शुगर परत पडली नाही, काउंट पाहिजे त्या रेंजमध्ये बसले. गोळीचा तुकडा एवढा छोटा की पहिले काही दिवस नवरा आणि मी दोघं मिळून मोजून द्यायचो.

तो चार प्रश्नांचा तक्ता मी आता मोबाइलमध्ये ठेवलाय, नवीन औषध आलं की त्यात घालते आणि प्रश्न कोरे ठेवून ओपीडीत पुढे करते, भरायचं काम त्यांचं. दातांचे डॉक्टर, कातडीचे डॉक्टर, सगळ्यांना दाखवते. आणि औषधाच्या दुकानात अजूनही दर वेळी तेच. अ‍ॅलोप्युरिनॉल आणि सिक्स एमपी एका चिठ्ठीवर बघितलं की काउंटरवरचा माणूस थांबतो, आत जाऊन विचारून येतो, म्हणतो मॅडम हे एकत्र देता येत नाही. मी त्याच्यावर कधी चिडत नाही, थांबतोय तेच बरं करतोय, डॉक्टरांचं डोस लिहिलेलं पत्र पर्समधून काढते आणि तो फोन करून खात्री करेपर्यंत बाकावर बसते.